हुजूरपागेच्या वर्गातून कोसबादच्या टेकडीवर : अनुताई वाघ यांनी काढलेली शिक्षणाची वाट

तारापूर : कोसबाद म्हटलं की आपल्या भागातल्या शेतकऱ्याला आधी कृषी विज्ञान केंद्र आठवतं. पण या टेकडीचं नाव महाराष्ट्रभर पोचवलं ते दोन बायांनी. एक ताराबाई मोडक, दुसऱ्या अनुताई वाघ. बालवाडीचं काम म्हणून दोघींची नावं घेतली जातात आणि ते बरोबरच आहे. पण अनुताईंची स्वतःच्या शिकण्याची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. तारापूर, बोईसर, चिंचणीपासून तलासरीपर्यंत ज्या घरात मुलगी दहावीच्या पुढं शिकतेय, त्या घरानं तरी ती वाचावी अशी आहे.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. अष्टविनायकातला मयूरेश्वर तो इथलाच. १९२३ साली, तेराव्या वर्षी त्यांचं लग्न लावून दिलं. सहा महिन्यांत नवरा वारला. सासरचा उंबरठा ओलांडायच्या आधीच मुलगी विधवा. त्या काळी अशा मुलीचं पुढं काय व्हायचं हे जुन्या माणसांना सांगायला नको. स्वयंपाकघराचा कोपरा, अंगावर एकच लुगडं आणि जन्मभर घरची कामं. मुलीचं लग्नाचं वय किमान चौदा असावं असा कायदा व्हायलासुद्धा १९२९ साल उजाडलं.

अनुताईंच्या वडिलांनी मात्र पोरीला शाळेत पाठवलं. ही गोष्ट एका ओळीत सांगून होते, पण सगळं आयुष्य तिथंच वळलं. भावकी काय म्हणेल याचा विचार करून ते गप्प बसले असते तर कोसबादची टेकडी आज नुसती टेकडीच राहिली असती.

इथं त्या काळच्या शिक्षणाची रचना समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तेव्हा शिकायच्या वाटा दोन. एक मराठी शाळेची. ती सातवीला संपायची, शेवटी व्हर्नाक्युलर फायनल नावाची परीक्षा. ती पास झालं की प्राथमिक शिक्षकाचं ट्रेनिंग करून मास्तरकी मिळायची. बस्स, पुढं रस्ता बंद. दुसरी वाट इंग्रजी हायस्कूलची. तिथं इंग्रजी, गणित, संस्कृत, इतिहास, शास्त्र हे विषय घ्यायचे आणि शेवटी विद्यापीठाची मॅट्रिक द्यायची. कॉलेजचं दार मॅट्रिकनंच उघडायचं. गरिबाच्या आणि खेड्यातल्या मुलांच्या वाट्याला बहुतेक पहिलीच वाट यायची. मुलींचं तर बोलायलाच नको.

अनुताई पहिल्या वाटेनं गेल्या. फायनल झाली. १९२९ साली पुण्यात ट्रेनिंगची परीक्षा झाली, त्यात त्यांचा पहिला नंबर आला. मग चार वर्षं नाशिक जिल्ह्यात चांदवडकडं ग्रामीण भागात शिक्षिकेची नोकरी. १९३३ साली त्या पुण्याला हुजूरपागेत रुजू झाल्या.

हुजूरपागा हे नाव ऐकून शाळा डोळ्यापुढं येत नाही, आणि त्याला कारण आहे. पेशव्यांच्या घोड्यांची पागा होती त्या जागेवर ही मुलींची शाळा उभी राहिली. २९ सप्टेंबर १८८४ ला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक या मंडळींनी ती काढली. मुलींसाठी प्राथमिक शाळा त्याआधीही होत्या, सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ सालीच पुण्यात सुरुवात केली होती. हुजूरपागेत वेगळं काय होतं? तर मुलींना थेट मॅट्रिकपर्यंत न्यायचं, मुलांना जे शिकवतात तेच शिकवायचं. यावर मोठं रण माजलं. लोकमान्य टिळकांच्या पत्रांनी या अभ्यासक्रमाला कडाडून विरोध केला. इंग्रजी नि मॅट्रिक मुलींच्या काय कामाची, त्यांना घरकाम, शिवण आणि धर्माचं शिकवा, असा सूर होता. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच मुली शाळेत अडकल्या तर घरची कामं कोण करणार, हाही मुद्दा होता. टिळक देशासाठी केवढे मोठे होते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण या एका बाबतीत रानड्यांची बाजू खरी ठरली असंच म्हणावं लागतं.

महर्षी कर्वे यांनी आणखी तिसरा मार्ग काढला. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं, तिथं मराठीतून शिक्षण आणि आरोग्य, गृहशास्त्र असे विषय ठेवले. म्हणजे मुलींना शिकवायचं हे हळूहळू सगळ्यांनी मान्य केलं, पण काय शिकवायचं यावर भांडण चालूच राहिलं. आजही बारावीला सायन्स घ्यायचं म्हटलं की मुलीला एक प्रश्न जास्तच विचारला जातो.

तर या हुजूरपागेत अनुताई लहान मुलींना शिकवू लागल्या. त्याच शाळेच्या वरच्या वर्गांत पोरी मॅट्रिकचा अभ्यास करत होत्या आणि त्यांना शिकवणाऱ्या संस्थेतल्या या बाई स्वतः मॅट्रिक नव्हत्या. मराठी शाळेच्या वाटेनं आल्या होत्या, इंग्रजीचा पाया नव्हता. मग दिवसभर शिकवायचं आणि रात्री रात्रशाळेत जाऊन बाकावर बसायचं, असं सुरू झालं. १९३७ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी अनुताई मॅट्रिक झाल्या. दिवसभर कंपनीत पाळी करून रात्री पुस्तक उघडणारी पोरं बोईसरच्या एमआयडीसीत कुणालाही भेटतील. त्यांना हे किती अवघड असतं ते वेगळं सांगायची गरज नाही.

पुण्यात पक्की नोकरी, नावाजलेली शाळा, मॅट्रिकचं सर्टिफिकेट. दुसरं कुणी असतं तर तिथंच निवृत्त झालं असतं. पण १९४५ साली बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टतर्फे ग्रामसेविकांचं शिबिर झालं, तिथं त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. ताराबाई १९१४ च्या पदवीधर. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम करून, दादरला शिशुविहार काढून आलेल्या. खेड्यात बालशिक्षण न्यायचं त्यांनी ठरवलं होतं आणि त्यासाठी जागा निवडली आपल्याच पट्ट्यातली, बोर्डी. तिथं आचार्य भिसे यांच्यासारखी माणसं आधीपासून शिक्षणाचं काम करत होतीच. अनुताई ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू झालं.

ते सालही साधं नव्हतं. त्याच १९४५ मध्ये उंबरगाव-डहाणू भागात गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या साथीनं वारली माणसं वेठबिगारी आणि लग्नगडीच्या विरोधात उठली होती. लग्नाच्या कर्जापायी नवराबायको दोघंही सावकाराच्या घरी राबायची, पिढ्यान् पिढ्या. अशा घरातल्या पोरांना शाळेत बोलवायचं म्हणजे काय, हे पुण्यात बसून कळणारं नव्हतं.

१९५७ साली काम कोसबादच्या टेकडीवर आलं. पाड्यातली पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच पाड्यावर गेली. कुणाच्या तरी अंगणात पोरं जमवायची, न्हाऊमाखू घालायचं, केस विंचरायचे, गाणी म्हणायची. या अंगणातल्या बालवाडीला अंगणवाडी म्हणायचे. १९७५ साली सरकारनं देशभर बालविकास योजना सुरू केली, तिच्या केंद्रांनाही हेच नाव आहे. मॉण्टेसोरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंखशिंपले, बिया, पानं, खडे हेच साधन. मोजायला चिंचोके चालतात, त्याला दुकानात जावं लागत नाही.

गुरं राखणारी पोरं दिवसभर रानात. त्यांच्यासाठी कुरणशाळा काढली. गुरं चरताहेत आणि बाजूला धडा चालू आहे.

मुलींचं दुखणं मात्र वेगळंच निघालं. आईबाप कामावर गेले की सात-आठ वर्षांच्या पोरीच्या कडेवर धाकटं भावंडं असायचं. पोरगी शाळेला नको म्हणत नव्हती, तिचे हात मोकळे नव्हते. मग कोसबादला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिला विकासवाडी म्हटलं. पोरीनं भावंडाला घेऊन यायचं, त्याला पाळण्यात ठेवायचं आणि आपण वर्गात बसायचं. मुली का गळतात यावर आजवर किती अहवाल निघाले असतील देव जाणे, पण पोरीच्या कडेवरचं ओझं आधी खाली घ्यायचं हे या दोन बायांना त्याच वेळी दिसलं होतं.

हे सगळं चालू असताना अनुताईंची स्वतःची शाळा संपलेली नव्हती. १९६१ साली, एक्कावन्नाव्या वर्षी त्या बी.ए. झाल्या. बढतीसाठी नाही, पगारवाढीसाठीही नाही. चाळीस वर्षांपूर्वी जी वाट सातवीला बंद झाली होती ती त्यांनी शेवटपर्यंत चालून काढली, एवढंच.

३१ ऑगस्ट १९७३ ला ताराबाई गेल्या. त्यानंतर कोसबादचा सगळा भार अनुताईंवर आला. बालवाडीच्या शिक्षिका घडवायच्या, शिक्षणपत्रिका काढायची, बालवाडी कशी चालवायची यावर पुस्तकं लिहायची. मूकबधिर मुलांसाठीही त्यांनी शाळा काढली. बायकांच्या जागृतीचं काम तेव्हाच्या ठाणे जिल्हाभर केलं. कोसबादच्या टेकडीवरून हे त्यांचं आत्मकथनही प्रसिद्ध आहे. १९८५ मध्ये पद्मश्री आणि जमनालाल बजाज पुरस्कार, दोन्ही मिळाले.

२७ सप्टेंबर १९९२ रोजी अनुताईंचं निधन झालं. बोर्डीला पाऊल ठेवल्यापासून ४७ वर्षं झाली होती.