एड्विन माँटेग्यू

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा हे शब्द आमचे विद्यार्थी पाठ करितात, उत्तरपत्रिकेंत लिहितात आणि विसरून जातात. या नांवाच्या पूर्वार्धामागें एक मनुष्य होता, व तो धर्मानें यहूदी होता, असें वर्गांत सांगितलें कीं मुलें क्षणभर चकित होतात. त्या मनुष्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

एड्विन सॅम्युएल माँटेग्यू यांचा जन्म ६ फेब्रुवारी १८७९ रोजीं लंडन शहरीं झाला. वडील सॅम्युएल माँटेग्यू हे मोठ्या पेढीचे मालक, पार्लमेंटचे सभासद व पुढें लॉर्ड. परंतु संपत्तीपेक्षां त्यांची धर्मनिष्ठा अधिक प्रसिद्ध होती. रशियांतील छळास कंटाळून लंडनच्या पूर्व भागांत येऊन राहिलेल्या गरीब यहूद्यांचीं लहान लहान सभास्थानें त्यांनीं १८८७ सालीं एका संघांत आणिलीं. शब्बाथ, आहारनियम, सण यांत त्यांच्या घरीं तिळमात्र सवलत नसे. मुलाचें मन मात्र त्यांत रमलें नाहीं. केंब्रिज येथें ट्रिनिटी कॉलेजांत शिकत असतां तेथील वादसभेचें अध्यक्षपद त्यानें मिळविलें, आणि आपण सर्वस्वीं इंग्रज आहों, यहूदी धर्म ही आपल्या घराण्याची खाजगी बाब आहे, अशी त्याची धारणा दृढ झाली. १९११ सालीं वडील वारले, तेव्हां मृत्युपत्रांत अट निघाली कीं, धर्म सोडणाऱ्यास किंवा धर्माबाहेर विवाह करणाऱ्यास वारसा मिळूं नये. १९१५ सालीं माँटेग्यूंचा व्हेनेशिया स्टॅन्ली यांच्याशीं विवाह झाला, तो त्या बाईंनीं यहूदी धर्म स्वीकारल्यावर. ज्या धर्मावर उभयतांची फारशी श्रद्धा नव्हती, त्याचा असा उपयोग व्हावा हें प्रस्तुत लेखकास रुचत नाहीं. तथापि चरित्र सांगतांना तें झांकून ठेवणेंही योग्य नव्हे.

१९०६ सालीं ते पार्लमेंटांत गेले आणि १९१० सालीं हिंदुस्थानखात्याचे उपमंत्री झाले. १९१२-१३ च्या हिंवाळ्यांत त्यांनीं या देशाचा प्रवास केला व तेव्हांपासून या देशानें त्यांचें चित्त वेधून घेतलें. उंच, बेढब शरीराचा, पक्ष्यांच्या निरीक्षणाचा नाद असलेला, स्वतःविषयीं सदा साशंक असा हा गृहस्थ जुलै १९१७ मध्यें भारतमंत्री झाला.

आतां त्या वर्षींच्या ऑगस्ट महिन्याकडे पाहावें. २० ऑगस्ट रोजीं माँटेग्यूंनीं कॉमन्स सभेंत जाहीर केलें कीं, हिंदी लोकांस क्रमाक्रमानें जबाबदार राज्यपद्धति देणें हें सरकारचें धोरण आहे. त्यानंतर तीनच दिवसांनीं त्यांनीं आपल्याच सहकाऱ्यांपुढें एक कडक टिपण ठेविलें. पॅलेस्टाईन हें यहूद्यांचें राष्ट्रीय वसतिस्थान व्हावें अशी घोषणा करण्याचा विचार त्या वेळीं चालला होता. थिओडोर हर्झल यांनीं १८९७ सालीं बाझल येथें पहिली परिषद भरवून जी चळवळ उभारिली, तिचें हें फळ. त्या सरकारांत मंत्रिपदावर असलेले एकटे यहूदी माँटेग्यूच; आणि तेच या घोषणेचे कट्टर विरोधी निघाले! त्यांचें म्हणणें असें कीं, यहूदी हे राष्ट्र नसून एका धर्माचे अनुयायी आहेत. त्यांचें घर पॅलेस्टाईन असें एकदां ठरलें म्हणजे प्रत्येक देश त्यांस परके लेखून घालवूं पाहील. शिवाय तेथें नांदत असलेल्या मुसलमान व ख्रिस्ती लोकांस बाजूस सरावें लागेल. युद्धमंत्रिमंडळापुढें दोन वेळां जाऊन त्यांनीं ही बाजू मांडली. ज्याचें घर आपलेंच सरकार परमुलुखांत दाखवितें, त्यानें त्याच सरकारचा प्रतिनिधि म्हणून हिंदुस्थानांत कोणत्या तोंडानें बोलावें, ही त्यांची खरी व्यथा होती.

विरुद्ध पक्षाची बाजू दुबळी नव्हती. १९०३ सालीं किशिनेव्ह येथें यहूद्यांची कत्तल झाली. तेथील अनाथांस इंग्रज यहूद्याचें सुख कोठून ठाऊक असणार? खुद्द माँटेग्यूंचे चुलतबंधु हर्बर्ट सॅम्युएल या चळवळीचे पुरस्कर्ते होते. पुढें हिटलरच्या अमलांत साठ लक्ष यहूदी मारले गेले, तेव्हां आपल्या देशाशीं एकजीव झाल्यानें रक्षण होतें ही आशा जर्मनींत तरी खोटी ठरली. उलट, पॅलेस्टाईनच्या अरबांविषयींची माँटेग्यूंची भीतिही खोटी ठरली नाहीं. आमच्या कोंकणांतील बेने इस्राएल मंडळी, ज्यांस गांवकरी शनिवार तेली म्हणत, शतकानुशतकें निर्भयपणें राहिली व मराठी बोलली. तरीही १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य इस्राएलास गेलीच. त्यांचें घर कोणतें, हें दुसऱ्या कोणीं ठरवावें असें आम्हांस वाटत नाहीं.

माँटेग्यू बोटीनें हिंदुस्थानकडे निघाले असतांनाच, २ नोव्हेंबर १९१७ रोजीं, बाल्फोर घोषणा निघाली. तेथील इतर समाजांच्या हक्कांस आणि अन्य देशांतील यहूद्यांच्या दर्जास बाध येऊं नये, अशीं दोन कलमें तींत आलीं, तीं बव्हंशीं त्यांच्यासारख्यांच्या विरोधामुळें. इकडे त्यांनीं टिळक, गांधी, बेझंटबाई आदि पुढाऱ्यांच्या भेटी घेतल्या. १९१९ च्या कायद्यानें प्रांतांत द्विदल राज्यपद्धति आली. ती अपुरी होती हें निराळें सांगावयास नको.

त्याच वर्षीं १३ एप्रिल रोजीं अमृतसरची कत्तल झाली. ८ जुलै १९२० रोजीं कॉमन्स सभेंत माँटेग्यूंनीं जनरल डायरच्या कृत्याचा उघड धिक्कार केला. दहशतीच्या बळावर राज्य करावयाचें कीं सहकार्यानें, असा त्यांचा सभेस सवाल होता. सभा खवळली. भाषण संतापाच्या भरांत झालें हें खरें. परंतु कित्येक सभासदांस खुपलें तें एवढेंच कीं एक यहूदी इंग्रज सेनापतीस दोष देत आहे. मतें सरकारच्या बाजूनें पडलीं, पण लॉर्डांच्या सभेनें डायरची कड घेतली. जन्मभर जो मी इंग्रज, मी इंग्रज म्हणत आला, त्यास त्या दिवशीं त्याच्याच सभागृहांत परका ठरविण्यांत आलें.

मार्च १९२२ मध्यें तुर्कस्थानच्या तहाविषयींची व्हाइसरॉयांची तार मंत्रिमंडळास न विचारतां प्रसिद्ध केल्यामुळें त्यांस राजीनामा द्यावा लागला. तार पाठविणारे व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग हेही यहूदीच होते. त्याच वर्षीं माँटेग्यूंची पार्लमेंटांतील जागाही गेली. १५ नोव्हेंबर १९२४ रोजीं, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, ते वारले. त्या दिवशीं यरुशलेमेंत ब्रिटिश हायकमिशनर म्हणून कारभार पाहत होते, ते त्यांचे चुलतबंधु सर हर्बर्ट सॅम्युएल.