झॉम्बी, भस्मासुर आणि दादासाहेब फाळके

आधी एक साधा हिशेब करा. तुमच्या मोबाइलवर आजवर किती गेम येऊन गेले, आणि त्यातल्या किती गेममध्ये तुम्ही झॉम्बी मारले? ‘रेसिडेंट ईव्हिल’ १९९६ मध्ये आला. २००८ मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी’सारख्या लढाईच्या गेममध्येही झॉम्बी घुसले. २००९ मध्ये ते अंगणातल्या झाडांवर चालून आले, २०१३ च्या ‘द लास्ट ऑफ अस’मध्ये बुरशीतून उगवले आणि २०१९ मध्ये पबजीच्या मैदानातही उतरले. पडद्यावर ‘गो गोवा गॉन’ झाला, ‘ट्रेन टू बुसान’ झाला आणि २०२२ मध्ये थेट डोंबिवलीत ‘झोंबिवली’ही झाला. आता नवीन गेमचा ट्रेलर आला की कॉलेजच्या कट्ट्यावर दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, बस झालं बाप्पा, किती वेळा तेच ते! दुसरी म्हणते, मजा येते ना, मग झालं.

हे भांडण वाटतं तितकं नवं नाही. एकच साचा लोकांना आवडतो, मग सगळेच तोच वापरतात आणि शेवटी कंटाळा येतो, ही गोष्ट आपल्याकडे सिनेमाच्या जन्मापासूनची आहे. ती समजून घ्यायची तर अशा एका माणसाचं आयुष्य बघू, ज्यानं एकही झॉम्बी पडद्यावर आणला नाही. मेलेला माणूस मात्र त्याच्या पहिल्याच सिनेमात उठून उभा राहिला होता.

कॅमेरा जीव ओढतो म्हणे!

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे जाणकार. मुलाचा कल मात्र चित्रांकडे. १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेबरोबर फोटोग्राफीही शिकले. शिक्षण झालं, आता धंदा करायचा म्हणून गुजरातेत गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला.

आणि तिथं प्लेग आला. १९०० च्या त्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल, दोघंही गेले. कोरोनाचे दिवस तुम्ही शाळेत असताना पाहिले आहेत. तेव्हा हातात निदान मास्क, दवाखाना, नंतर लस तरी होती. प्लेगच्या काळात गावंच्या गावं घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. एकाकडून दुसऱ्याकडे पसरणारा रोग, ओळखीच्या माणसाचीच वाटणारी भीती, ओस पडलेल्या गल्ल्या: झॉम्बीच्या सिनेमात आपण जे तिकीट काढून बघतो, ते या माणसानं जगून पाहिलं होतं.

ते बडोद्याला परतले, पुन्हा फोटोचा धंदा सुरू केला. तिथं वेगळीच अडचण. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असा समज लोकांत पसरलेला. गिऱ्हाईक येईना. म्हणजे बघा, त्या काळच्या लोकांसाठी कॅमेराच एक भूत होता! धंदा बुडाला. मग फाळक्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकून घेतली. आडनावाची अक्षरं उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं जादूचे प्रयोगही केले.

१९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. या सरस्वतीबाई, यांचं नाव लक्षात ठेवा. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात नोकरी मिळाली, ती त्यांनी काही वर्षांत सोडली. मग छापखाना काढला, रंगीत छपाईचं तंत्र बघायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. पुढे भागीदाराशी पटेना, म्हणून छापखानाही सोडला. वय चाळीस, हातात काम नाही, घरात खाणारी तोंडं. आपल्याकडे अशा माणसाला लोक काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे.

पडद्यावर ख्रिस्त, मनात कृष्ण

याच रिकाम्या दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास, गिरगावातल्या एका तंबूवजा थेटरात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हलत होता, फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण येत होते. मग वेडच लागलं. रोज सिनेमा बघायचा, घरी येऊन खेळण्यातल्या यंत्रावर प्रयोग करायचे. झोप कमी, डोळ्यांवर ताण इतका, की काही काळ दिसेनासं झालं. उपचारानं दृष्टी परत आली.

विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. दोनेक आठवडे राहून सिनेमा कसा बनवतात ते शिकले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला आणि परत आले. आल्या आल्या सिनेमा सुरू केला का? नाही. आधी एका कुंडीत वाटाणा पेरला. रोज थोडी थोडी फिल्म घेत तो अंकुर वाढताना टिपला. पडद्यावर काही क्षणांत बी फुटून वेल झालेली लोकांनी पाहिली. या चिमुकल्या फिल्मवर विश्वास ठेवून भांडवल उभं राहिलं. बाकीचं सरस्वतीबाईंच्या दागिन्यांवर.

त्याच सरस्वतीबाई अंधारात बसून कोऱ्या फिल्मला कडेनं भोकं पाडत, उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत आणि अख्ख्या कंपनीचा स्वयंपाकही करत. सिनेमात काम करायला बाई मिळेना. जाहिराती देऊन झाल्या, कोणीच तयार नाही. अखेर एका खाणावळीत काम करणारे साळुंके तारामती झाले. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. सांगितलं जातं की चित्रीकरणाच्या दिवसांत खेळताना पडून भालचंद्र बेशुद्ध झाला, आणि वडिलांनी मन घट्ट करून रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग त्याच अवस्थेत टिपला. एक मूल साथीत गमावलेला हा बाप होता. त्या क्षणी त्याच्या मनात काय चाललं असेल, याचा विचार तुम्हीच करा.

३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यातली गोष्ट तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. राज्य गेलं, राजा मसणात राबतोय, मेलेल्या पोराला घेऊन आई तिथं येते, आणि शेवटी पोरगा जिवंत होतो. पुढच्याच वर्षी आला ‘सत्यवान सावित्री’. त्यातही यमाकडून नवरा परत येतो. म्हणजे आपल्या सिनेमात मेलेले परत येण्याची गोष्ट अगदी पहिल्या दिवसापासून आहे.

मग रोहिदास आणि झॉम्बी यांत फरक काय? रोहिदास उठतो तेव्हा त्याला नाव असतं आणि त्याच्यासाठी रडणारी आई समोर बसलेली असते. म्हणून त्याचं उठणं आपल्याला लागतं. झॉम्बी उठतो तेव्हा बहुतेक गेममध्ये तो फक्त एक आकडा असतो, स्कोअरमध्ये वाढणारा. मुळात झॉम्बीही असा बिननावाचा नव्हता. ही कल्पना हैतीची. उसाच्या मळ्यांत गुलाम म्हणून राबलेल्या माणसांची सर्वांत मोठी भीती ही की मेल्यावरही सुटका नाही, प्रेतालाही मालकासाठी राबावं लागेल. केवढं दुःख आहे त्यात! १९३२ मध्ये हॉलिवूडनं ‘व्हाइट झॉम्बी’ काढला. १९६८ मध्ये जॉर्ज रोमेरो यांनी ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढून आजचा माणसं खाणारा अवतार दिला. त्या सिनेमाच्या प्रतींवर हक्काची सूचना छापायची राहून गेली, त्यामुळे तो कोणालाही फुकट दाखवता, वापरता येऊ लागला. मग काय, नकला सुरू. मळ्यातला गुलाम मागे राहिला, मुखवटा तेवढा पुढे आला.

भस्मासुर कसा मेला?

फाळक्यांचंही असंच झालं. ‘मोहिनी भस्मासुर’ आला, त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केलं. बाया पडद्यावर आल्या, ही केवढी मोठी गोष्ट. १९१७ चा ‘लंका दहन’ इतका चालला की मद्रासकडे तिकिटांची नाणी बैलगाडीतून पहाऱ्यात न्यावी लागली, असं सांगतात. त्यात साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता. १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ आले, मुलगी मंदाकिनी त्यात बाळकृष्ण झाली. सुमारे ९५ चित्रपट आणि पंचविसावर लघुपट असा त्यांचा हिशेब सांगितला जातो.

पैसा दिसला तसे बाकीचेही पौराणिक सिनेमे काढू लागले. १९१७ मध्येच कलकत्त्यात दुसरा हरिश्चंद्र तयार झाला. जो तो देव, राक्षस, शाप, वरदान! खरं तर फाळक्यांच्या हातात इतर वाटाही होत्या. त्यांनी ‘पिठाचे पंजे’ हा विनोदी लघुपट केला, आगकाड्या नाचवून दाखवल्या, सिनेमा कसा बनतो हेही पडद्यावर मांडलं. पण कंपनीच्या भागीदारांना चालणारा माल हवा होता. मतभेद वाढले, ते सगळं सोडून काशीला गेले, तिथं नाटक लिहिलं आणि पुन्हा परत आले. पुढे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ घेऊन आले. त्यात देव नव्हता, कर्जात बुडालेला शेतकरी होता. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलला. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ १९३२ मध्ये मूकच तयार झाला, आवाज नंतर चिकटवावा लागला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचाही. त्यानंतर काम नाही. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू व्हायला १९६९ उजाडलं.

आता भस्मासुराची गोष्ट आठवा. ज्याच्या डोक्यावर हात ठेवेल तो भस्म, असा वर त्याला मिळालेला. चावला की समोरचाही झॉम्बी, तसंच हे. त्याला तलवारीनं कोणी मारलं नाही. मोहिनी नाचली, तो तिची हुबेहूब नक्कल करत गेला, तिनं स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला, त्यानंही ठेवला. नक्कल करता करता तो संपला. पौराणिक सिनेमाच्या लाटेचं बरंचसं असंच झालं, आणि झॉम्बीच्या अनेक गेमचंही तेच होतंय.

पण म्हणून जुनी गोष्ट वापरूच नये का? तसं नाही. १९३२ मध्ये प्रभात कंपनीनं ‘अयोध्येचा राजा’ काढला. गोष्ट तीच, हरिश्चंद्राची, एकोणीस वर्षांत किती वेळा उगाळलेली. पण आता राजा मराठीत बोलत होता, आणि तारामती होत्या दुर्गा खोटे. जिथं खाणावळीतल्या पुरुषाला साडी नेसवावी लागली होती, तिथं सुशिक्षित घरातली बाई उभी होती. लोकांना ती गोष्ट नवी वाटली. ‘झोंबिवली’नंही झॉम्बी बाहेरूनच आणले, पण ते झोपडपट्टी आणि उंच सोसायटीच्या मधल्या भिंतीपाशी आणून उभे केले.

तेव्हा कट्ट्यावरच्या भांडणाचा निकाल असा लावता येईल: झॉम्बी जास्त झालेत, हे खरं. पण दोष त्यांच्या संख्येचा कमी आणि त्यांच्या पोटात काहीच नसण्याचा जास्त. पुढचा गेम डाऊनलोड करण्याआधी एवढंच बघा, की यात भीती कोणाची आहे? कोणाचीच नसेल, तर तुमचा डेटा वाचवा.

आणि हे फक्त खेळणाऱ्यांसाठी नाही. तुमच्यापैकी कितीतरी जण मोबाइलवर शॉर्ट फिल्म बनवतात, कोणी गेम डिझाइन शिकायला पुण्या-नागपूरला जायचं म्हणतात. गडचांदूरला बसून अमेरिकेतल्या ओसाड मॉलमधलं भूत काढायची गरज नाही. इथं सिमेंट कारखान्यांची धूळ आहे. राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणी आहेत. रात्री जागलीला शेतात बसलेला माणूस आहे, ज्याला पाचोळा वाजला की वाघाची शंका येते. पूर्वेकडं ब्रह्मपुरी-वडसा भागात हिवाळ्याच्या रात्री झाडीपट्टीची नाटकं पहाटेपर्यंत चालतात, रंगवलेल्या पडद्यांसकट. फाळक्यांनी असेच पडदे रंगवले होते. तुमच्याकडचा कॅमेरा त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगला आहे, तोही खिशात. लंडनला जायला नको, पॉलिसी गहाण टाकायला नको.

करायचंच असेल तर सुरुवात त्यांच्यासारखीच करा. आधी कुंडीत एक वाटाणा पेरा आणि तो नीट टिपा. राक्षस नंतर आणता येईल.