कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि माळावरची वाडी

मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत हल्ली सामाजिक उत्तरदायित्व या नावाचे एक स्वतंत्र प्रकरण असते. २०१३ सालच्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेपुढील कंपन्यांवर, मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी निदान दोन टक्के रक्कम लोकोपयोगी कार्याकडे लावण्याचे बंधन घातले आहे. हे चांगलेच झाले. परंतु नफा आधी आणि लोकांचे हित नंतर, असा त्यातील क्रम आहे. आपल्या सातारा-सांगलीच्या भूमीवर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हा क्रम उलटा लावणारा एक पुरुष होऊन गेला. त्याचे चरित्र आपल्या सभासद कुटुंबांतील मुलामुलींनी वाचावे, या हेतूने आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. पुस्तकी अभ्यासात त्यांचे मन रमत नसे. चित्रे काढावीत आणि यंत्रांची खटपट करावी, हाच त्यांचा छंद होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांनी नाव घातले. तथापि काही रंग त्यांच्या डोळ्यांस नीट ओळखता येत नाहीत असे आढळून आल्याने रंगकाम सोडावे लागले. त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास केला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. तेथे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. आम्ही स्वतः जन्मभर मास्तरकी केली असल्यामुळे, महिन्याच्या महिन्यास येणारा पगार सोडणे म्हणजे काय, हे आम्हांस ठाऊक आहे.

बेळगावास ज्येष्ठ बंधू रामुअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि नंतर लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. जवळजवळ दोन वर्षे त्या नांगरास गिऱ्हाईक मिळाले नाही. तो खपू लागतो न लागतो तोच, गावाच्या नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली.

या अडचणीच्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. औंध येथील देवालयाच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे होते. त्यावरून हा माणूस कोणत्या योग्यतेचा आहे हे त्या चित्रकार राजाने जोखले होते. कुंडल रोड स्थानकाजवळची संस्थानची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये कर्ज त्यांनी दिले. औंध संस्थानचा मुलूख सलग नव्हता, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता. हा तुकडा लोहमार्गावर होता, हेच त्याचे मोल. लोखंड व कोळसा उतरवून घेण्याची आणि नांगर रवाना करण्याची सोय तेथे होती. बाकी जमीन म्हणजे निवडुंग माजलेला, नागसापांनी भरलेला ओसाड माळ होता.

१९१० च्या मार्च महिन्यात सुमारे पंचवीस कामगार आपल्या बायकामुलांसह त्या माळावर उतरले. निवडुंग तोडावयाचा, भट्टी उभारावयाची आणि त्याच वेळी राहावयास घरेही बांधावयाची! वस्तीची आखणी, पाणी, स्वच्छता या गोष्टी रामुअण्णांनी अंगावर घेतल्या. यंत्रे लक्ष्मणरावांनी पाहावीत आणि माणसांच्या गैरसोयी रामुअण्णांनी, अशी जणू वाटणीच झाली होती. शंभुआप्पा जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर ही मंडळी याच माळावर घडली. या वस्तीसाठी वेगळा धर्मादाय निधी कोणी काढला नव्हता. काढणार कोठून? कर्ज डोक्यावर होते आणि नफा अजून दृष्टीस पडावयाचा होता.

यात कारखान्याचा स्वार्थ नव्हता काय? अवश्य होता. घर, पाणी आणि मुलांस शाळा नसेल तर कुशल कारागीर अशा माळावर चार दिवसही टिकता ना. शिवाय मालकाच्या घरात राहणाऱ्या माणसाची नोकरी गेली की डोक्यावरचे छप्परही जाते. वसाहतीच्या या पद्धतीतील हे उणे आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. परंतु स्वार्थाने सांगितले त्याच्या पलीकडे लक्ष्मणराव गेले. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या माणसांस त्यांनी वस्तीचे पहारेकरी नेमले. ज्यांच्यापासून तिजोरी राखावयाची, त्यांच्याच हाती ती राखावयास देणे हा व्यवहार पुष्कळांस वेडेपणाचा वाटला असेल. पण ती माणसे विश्वासास उतरली. वाडीत अस्पृश्यतेस थारा द्यावयाचा नाही, असाही त्यांचा दंडक होता. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ही गोष्ट सांगताना आम्हांस संकोच वाटत नाही; उलट ती येथेच सांगितली पाहिजे असे वाटते.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेनासे झाले आणि भट्टी थंड पडण्याची वेळ आली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी पन्हाळगडावरील निकामी तोफा कारखान्यास दिल्या. त्या तोफांच्या लोखंडाचे नांगर झाले! १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी स्थापन झाली, आणि त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेल्या किर्लोस्कर खबर या पत्राचे पुढे किर्लोस्कर मासिक झाले. अमेरिकेत शिकून आलेले चिरंजीव शंतनुराव १९२६ मध्ये कारखान्यात दाखल झाले. नांगर, चरक आणि मोटारपंप यांनी वाडीचे नाव खेडोपाडी नेले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीही काही काळ किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीचे काम केले होते. त्या निमित्ताने त्यांनी शेतकऱ्यांची जी घरे जवळून पाहिली, त्यांतील मुलांसाठी १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली.

१९४८ च्या प्रारंभी, महात्माजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत वाडीवर जमाव चालून आला आणि कारखान्यास आग लावण्यात आली. लक्ष्मणराव त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. अडतीस वर्षांच्या कष्टांची ती होळी पाहून कोणाचेही मन कडवट झाले असते. परंतु कारखाना त्या माळावरून हलला नाही. जेथे जळला तेथेच पुन्हा उभा राहिला. त्याच वर्षी औंध संस्थान विलीन झाले. वाडी दक्षिण सातारा जिल्ह्यात आली आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने टपाल तिकीट काढले. माळावर आरंभी जे स्थानक कुंडल रोड या नावाने होते, त्यावरील पाटीवर आता किर्लोस्करवाडी असे लिहिलेले असते.