विसोबा चाटी ते विसोबा खेचर



आजच्या वाचनात गीतेचा १२ वा अध्याय, १८ वा श्लोक. शत्रू आणि मित्र ज्याला सारखेच, असा भक्त भगवंताला प्रिय, असं तिथे आहे. मला हे कधीच जमलेलं नाही. ऑफिसात माझा कोड दरवेळी परत पाठवणारा एक सीनियर आहे. तीन महिने झाले, मी त्याच्यासोबत चहासुद्धा घेत नाही. म्हणून आज विसोबांबद्दल लिहितोय.

हे मूळचे विसोबा चाटी. आळंदीत ज्ञानदेवांना आणि भावंडांना संन्याशाची पोरं म्हणून छळणाऱ्यांत हे पुढे. मुक्ताईला मांडे करायचे होते, तर यांनी कुंभाराला खापर देऊ दिलं नाही, असं परंपरा सांगते. एवढ्याशा पोरीवर केवढा राग! मग ज्ञानदेवांनी योगबळाने स्वतःची पाठ तापवली आणि मुक्ताईने तिच्यावर मांडे भाजले. विसोबा लपून बघत होते. ते पाहून अहंकार गळाला, पुढे होऊन त्यांनी भावंडांचं उष्टं तोंडात घातलं. त्यांना दूर सारताना ज्ञानदेवांच्या तोंडून खेचर हा शब्द गेला म्हणतात. खेचर म्हणजे आकाशात फिरणारा, आणि ते घोडा-गाढवातलं जनावरही! विसोबांनी तेच नाव आयुष्यभर लावलं.

नामदेव मात्र सगळ्यांचे लाडके, १२७० चा जन्म, ज्ञानदेवांहून मोठे, विठ्ठलाचे तर सखेच. पण मुक्ताईने विषय काढला आणि गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेका संताचं डोकं ठोकून पाहिलं. नामदेव कच्चं मडकं ठरले. तेही आपल्याच माणसांत! रुसून पंढरपूरला आले, तर विठ्ठलानेही बाजू घेतली नाही. गुरू कर म्हणून धाडलं औंढ्याला, विसोबांकडे.

औंढा नागनाथाचा गाभारा जमिनीखाली आहे, अरुंद वाटेने वाकून उतरावं लागतं. (देऊळ फिरल्याची गोष्ट पुन्हा कधीतरी.) विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव संतापले. देव नसेल तिथे पाय ठेव, असं विसोबांनीच सांगितलं. नामदेव पाय हलवतील तिथे पिंड! शेवटी त्याच पायांवर त्यांनी डोकं ठेवलं. मुक्ताईला साधं खापर न मिळू देणाऱ्या माणसाने हे मडकं पक्कं केलं.

आज दुपारी सीनियरने कोड पुन्हा परत पाठवलाय. खाली सतरा शेरे आहेत. अजून उघडले नाहीत, जेवण झालं की बसतो.