रमाबाईंचा शिवणवर्ग

यंदा दिवाळीच्या आवराआवरीत मी मनाशी पक्कं ठरवलं होतं, की लोकरीच्या खणाला हात घालायचाच. दर वर्षी मी तो खण उघडते, आत बघते आणि गुडघ्याने रेटून पुन्हा बंद करते. तुमच्याकडेही असेलच की असा एखादा खण! या वेळी मात्र सगळं सतरंजीवर ओतलं. बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे, त्यातल्या एकात नुसती बटणं. क्रोशाच्या सुया मुलाच्या जुन्या कंपासपेटीत. दहा नंबरची एकच सुई, तिची जोडीदारीण बेपत्ता. कुणाच्या तरी बारशासाठी घेतलेला आणि बाळ शाळेत जायला लागलं तरी अर्धाच राहिलेला मोजा, सुईसकट. आणि अगदी तळाशी आत्याची कापडी पिशवी.

आत्या चोविसाव्या वर्षी विधवा होऊन पुण्याला आमच्याकडे परत आली, पदरात दोन मुलं. वर्षभर ती स्वयंपाकघराबाहेर फारशी पडलीच नाही म्हणे. मग सेवासदनात शिवण शिकायला जायला लागली. पुढे झबली-टोपडी शिवून, कुंच्या आणि स्वेटर विणून तिने दोन्ही मुलांची शिक्षणं केली. रमाबाई रानड्यांचं नाव तिच्या बोलण्यात घरातल्या थोरल्या बाईचं यावं तसं यायचं. खरं तर आत्याच्या जन्माआधीच त्या गेल्या होत्या.

रमाबाई म्हटलं, की आपल्यातल्या पुष्कळजणींना २०१२ सालची 'उंच माझा झोका' ही मालिका आठवते. मीही ती चुकवत नसे. पण मला ओढ आहे ती त्यांच्या चाळिशीच्या आसपासच्या आणि त्यानंतरच्या आयुष्याची. लोकरीचे गुंते सोडवत बसले तेव्हा तेच सगळं डोक्यात घोळत होतं.

तर आधी थोडं मागचं. आजच्या सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे त्यांचं गाव. कुर्लेकरांच्या घरात १८६२ साली जन्म, माहेरचं नाव यमुना. मुलींना शिकवायची रीत त्या घरात नव्हती. १८७३ साली, अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानड्यांशी लग्न झालं. ते एकतीस वर्षांचे, पहिली पत्नी वारलेली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या माणसाने वडिलांच्या आग्रहाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं, म्हणून लोकांनी त्यांना बोल लावला. ते बरोबरच होतं असं मला वाटतं. पण त्यांनी लगेच बायकोला शिकवायला घेतलं, हेही तितकंच खरं.

शिकवायचे ते रात्री. दिवस सगळा घरातल्या बायकांचा. सासुरवाशिणीने हातात पुस्तक धरणं त्यांना सोसत नसे. टोमणे, अबोला, कामाचा ढीग, सगळे प्रकार झाले. मिस हरफर्ड नावाच्या बाई इंग्रजी शिकवायला येऊ लागल्यावर तर त्या गेल्या की विटाळ झाला म्हणून शुद्ध होणं आलं. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज निघाला. तिथे जाण्यावरूनही घरात बोलणी. १८८४ साली पुण्यात मुलींचं हायस्कूल निघावं म्हणून गव्हर्नरसाहेबांसमोर रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचलं. हुजूरपागेची शाळा त्याच वर्षी सुरू झाली. बाहेर टाळ्या मिळवून आलेली ही बाई घरी आल्यावर खाली मान घालून पानं वाढायला लागली असेल, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे येतं.

त्यांनी हे सगळं 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' या १९१० सालच्या पुस्तकात लिहून ठेवलंय. आपल्या भाषेतल्या बायकांच्या सुरुवातीच्या आत्मकथनांपैकी ते एक. जमलं तर जरूर वाचा, वाचनालयात मिळेल.

आता मला काय वाटतं ते सांगते. घरात पुस्तक दिसलं की वादळ उठायचं. पण वाती वळत बसलेल्या, हार गुंफत बसलेल्या, रांगोळी घालत बसलेल्या बाईला कुणी काही बोलत नाही. हातात काम असलं, की बाई घरचीच दिसते. ही गोष्ट रमाबाईंनी दहा-वीस वर्षं अंगावर घेऊन शिकली असणार, आणि पुढे तिचा पुरेपूर उपयोग केला.

१८९३ साली रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेलं. तिथे रमाबाईंनी हिंदू लेडीज सोशल क्लब काढला. त्यात भाषा आणि सामान्य ज्ञान शिकवायचे वर्ग होते, आणि त्याच्या जोडीला शिवण आणि हस्तकलाही! शिवण म्हणजे त्या काळी शिंप्याचं काम. सुयांवर लोकर विणणं आपल्याकडे पसरलं तेही बऱ्याच अंशी मिशनऱ्यांच्या आणि साहेबांच्या बायकांकडून. म्हणजे आज आपण ज्याला अगदी आजीच्या हातचं म्हणतो, ते त्या आजीच्या आजीला नवलाईचंच होतं.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्याही आत. मूलबाळ नाही. त्या पुण्याला परतल्या आणि मंडईजवळच्या घरात जवळजवळ वर्षभर लोकांपासून दूर राहिल्या. आत्याने हे वर्ष मला अनेकदा सांगितलंय. बाकी सगळं विसरायची, पण हे नाही. एवढी शिकलेली, सभा गाजवलेली बाईसुद्धा वर्षभर बसून राहिली, हे तिला कुठेतरी आधाराचं वाटत असावं.

त्यानंतर मात्र रमाबाई बाहेर पडल्या त्या पडल्याच. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या त्या अध्यक्ष होत्या. येरवड्याच्या तुरुंगात बायकांना भेटायला जाऊ लागल्या, दवाखान्यात रोग्यांना फळं-फुलं घेऊन जाऊ लागल्या. १९०८ मध्ये मलबारी आणि दयाराम गिडुमल यांच्या मनात बायकांसाठी संस्था काढायचं आलं तेव्हा ते रमाबाईंकडे आले, आणि मुंबईचं सेवासदन उभं राहिलं. १९०९ साली पुण्यातलं काम सुरू झालं, तेही रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यात. गोपाळ कृष्ण देवधर या कामात त्यांचे खंदे साथीदार. १९१५ पासून पुणे सेवासदन ही स्वतंत्र संस्था झाली.

तिथे काय शिकवत? मोठ्या वयाच्या बायकांना लिहिणं-वाचणं, शिवण, भरतकाम, प्रथमोपचार, गाणं. पुढे शिक्षिका तयार करायचं कॉलेज, ससूनमध्ये नर्सिंग शिकणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह. नर्सिंगला तेव्हा घरंदाज बाई तयार होत नसे. परक्या पुरुषाची सेवा, जातपात न बघता सगळ्यांना हात लावणं, घरचे कुठून परवानगी देणार? शिवणवर्गाला मात्र देत. सून दुपारी दोन तास रानड्यांच्या वाड्यावर जाते, ब्लाउज बेतायला शिकते, चार पैसे वाचतील, असा हिशोब सासूला पटायचा. एकदा उंबरा ओलांडला, की शिवणाच्या खोलीतून वाचनाच्या खोलीत जायला कितीसं अंतर! कुठल्या कागदावर हे असं लिहिलेलं मी पाहिलेलं नाही, माझा आपला अंदाज. पण आत्याचं तर अगदी असंच झालं. शिवण शिकायला गेली आणि परत आली ती बँकेत खातं उघडायचा फॉर्म घेऊन.

एक प्रसंग मात्र नोंदलेला आहे. एका समारंभात बायकांना बक्षिसं द्यायची होती. त्यातली एक विधवा, त्या वेळच्या रीतीप्रमाणे लाल आलवण नेसलेली, डोक्यावरून पदर घेतलेली. ती बक्षीस घ्यायला मंचावर आली तेव्हा गॅलरीतल्या विद्यार्थ्यांनी हुल्लड केली, तिची टिंगल केली. शिकलेली मुलं बरं का! रमाबाईंनी समारंभ पार पडू दिला. शेवटी बोलायला उठल्या आणि त्या मुलांची चांगलीच कानउघाडणी केली. तुमच्याच घरातल्या अशा दुर्दैवी बहिणीला हसणाऱ्यांना सुशिक्षित कसं म्हणायचं, असा त्यांचा रोख होता. मला यात सगळ्यात जास्त कोण आठवतं, तर ती बाई. चारचौघांसमोर स्वतःच्या कामाचं बक्षीस घ्यायला ती उठली. घरात राहायचं आणि दिसायचं नाही, एवढीच जिच्याकडून अपेक्षा, ती उठून मंचापर्यंत चालत गेली. त्या दहा पावलांचं मोल आपल्याला आज करता येणार नाही.

पुढे १९१३ साली दुष्काळग्रस्तांसाठी त्या गुजरात-काठेवाडात गेल्या. पुण्यात मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं म्हणून झगडल्या. मुंबई इलाख्यात बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून १९२१-२२ मध्ये चळवळ केली. शेवटच्या वर्षांत आषाढी-कार्तिकीला स्वयंसेविका घेऊन आळंदीला जात, यात्रेतल्या बायकांची सोय बघायला. १९२४ साली त्या गेल्या. १९६२ साली त्यांच्या जन्मशताब्दीला पोस्टाने तिकीट काढलं. आत्याच्या पिशवीत ते तिकीट मला सापडलं, दहा नंबरच्या सुयांच्या पाकिटात जपून ठेवलेलं.

त्याच पिशवीत एक छोटी वहीही निघाली. आधी वाटलं, विणीचे नमुने असतील. चार पानं होतीही तशी, उलटे-सुलटे टाके मोजून लिहिलेली. बाकी सगळा हिशोब. कुंची, लोकर किती, मजुरी किती. बाळाचे मोजे एक जोड, मजुरी किती. प्रत्येक ओळीपुढे पैसे मिळाले, अशी बारीक खूण. सख्ख्या बहिणीच्या नावापुढेसुद्धा मजुरी लिहिलेली, अर्धी घेतलेली, पण लिहिलेली!

हे वाचून मी जरा वरमले. मागच्या हिवाळ्यात एका ओळखीच्या बाईंनी माझ्याकडून बाळमोज्यांचे बारा जोड करून घेतले, कुणाकुणाला भेट द्यायला. लोकर माझी. नंतर पैशांचा विषय काढला तर त्या हसल्या, म्हणाल्या तुम्हाला हौसच आहे की, घरबसल्या तर करता. आणि मीही हसून गप्प बसले. घरी येऊन चिडचिड केली ती बिचाऱ्या नवऱ्यावर. आता वाटतं, दोष माझाही होता. बारा जोड विणायला किती दिवस लागले ते मीच कुठे लिहून ठेवलं होतं?

तर असो. खण लागला बाई एकदाचा. रंगांप्रमाणे लावायचा माझा पहिला बेत होता, दिसायला छान दिसतं. पण उपयोग शून्य. शेवटी जाडीप्रमाणे लावलं. बाळाच्या कामाची मऊ लोकर एका डब्यात, स्वेटरची दुसऱ्यात, आणि अगदी उरलेसुरले गुंडे जुन्या उशीच्या अभ्र्यात, त्यांचे चौकोन विणून पाटावरचं आसन करायचंय. लोकरीवरची कागदी पट्टी फेकायची नाही, हे यंदा शिकले. रंगाचा नंबर त्यावरच असतो, आणि कमी पडली की तुळशीबागेत दुकानदार तोच विचारतो. डब्यांत कडुलिंबाचा वाळलेला पाला पातळ फडक्यात बांधून टाकला. सुया नंबरप्रमाणे रबर लावून ठेवल्या. हरवलेली दहा नंबरची सुई सापडली, कुठे माहितीये? आंब्याच्या लोणच्याच्या बरणीचं फडकं तिने टोचून ठेवलं होतं, माझ्याच हाताने.

आत्याची वही मात्र खणात ठेवली नाही. ती वर, देवाशेजारच्या फळीवर आहे, पेन्सिल अडकवून. तिच्या शेवटच्या ओळीनंतर एक ओळ सोडून मी तारीख घातलीय आणि लिहिलंय, टीपॉयचा क्रोशाचा रुमाल, एक. दोरा किती, दिवस किती. मजुरीच्या रकान्यात काय लिहावं यावर दोन दिवस विचार केला. परवा खालच्या मजल्यावरची सून तो रुमाल न्यायला आली तेव्हा मी वही तिच्यापुढे धरली. तिने आकडा वाचला, पर्स उघडली, आणि विचारलं, काकू, मला शिकवाल का? दुपारी चारनंतर मी मोकळीच असते.

सोमवारपासून येतेय. सुया तिच्यासाठी आठ नंबरच्या काढून ठेवल्यात, नवख्या हाताला जाड सुई बरी.