शब्दाला जागलेला कादंबरीकार : सर वॉल्टर स्कॉट

ज्या कादंबऱ्यांत जुन्या गढ्या असतात, वेषांतर केलेले वीर असतात, कुणाचे तरी खरे नाव शेवटच्या प्रकरणापर्यंत गुप्त राहते आणि एखाद्या मुलीला मनाविरुद्ध बोहल्यावर उभे करण्याचा घाट घातला जातो, त्या कादंबऱ्या विद्यार्थ्यांच्या हातून सहसा सुटत नाहीत. ग्रंथालयाच्या तासाला आम्ही हे नित्य पाहतो. अशा कथांना युरोपात ऐतिहासिक कादंबरीचे भारदस्त रूप ज्याने दिले, तो सर वॉल्टर स्कॉट. त्याचे चरित्र त्याच्या कथांइतकेच रहस्यमय, परंतु त्याहून अधिक बोधप्रद आहे. म्हणून ते येथे संक्षेपाने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

स्कॉटचा जन्म १५ ऑगस्ट १७७१ रोजी स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथे झाला. वडील वकील होते. दीड वर्षाचा असताना आजारपणात त्याचा उजवा पाय अधू झाला, तो कायमचाच. मोकळ्या हवेने प्रकृती सुधारावी म्हणून त्याला इंग्लंडच्या सीमेलगतच्या मुलखात आजोबांच्या शेतावर ठेवण्यात आले. तेथे आजी व आत्या यांच्या तोंडून त्याने जुन्या लढायांच्या कहाण्या व पोवाडे ऐकले. आमच्या कोंकणी घरांतही आजीच्या मांडीवर अशाच गोष्टी ऐकून मुले वाढली. फरक इतकाच, की स्कॉटने मोठेपणी गावोगाव हिंडून ती गीते गोळा केली आणि १८०२-०३ मध्ये ती प्रसिद्ध करून काळाच्या मुखातून वाचविली.

वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर विल्यमिना बेल्शेस नावाच्या एका कुलीन मुलीवर त्याचे मन जडले. परंतु १७९७ च्या आरंभी तिचा विवाह विल्यम फोर्ब्स या पेढीवाल्याच्या पुत्राशी झाला. स्कॉटने दुःख गिळले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शार्लट कार्पेंटर हिच्याशी त्याचे लग्न झाले आणि तो संसार सुखाचा ठरला. फोर्ब्स हे नाव मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पुढे दीर्घ कथाकाव्यांनी स्कॉटला मोठी कीर्ती मिळाली. न्यायालयातही त्याला मानाचे पद लाभले. अशा वेळी, १८१४ मध्ये, त्याने 'वेव्हर्ली' ही पहिली कादंबरी लिहिली आणि तीवर आपले नाव घातले नाही. कादंबरी लिहिणे त्या काळी प्रतिष्ठितांना फारसे शोभणारे मानीत नसत. पुढील कादंबऱ्या 'वेव्हर्ली'च्या कर्त्याच्या म्हणून निघू लागल्या, अन् हा कर्ता कोण याची चर्चा घरोघर चालली. पुष्कळांनी तर्क बरोबर केला, तरी स्कॉटने जाहीर कबुली दिली नाही.

'आयव्हॅन्हो'मधील रोवेनाचा पालक तिचा विवाह राजवंशाच्या हितासाठी ठरवितो, 'केनिलवर्थ'मध्ये विवाहच गुप्त ठेवला जातो. पण या विषयाचे सर्वांत करुण रूप १८१९ च्या 'द ब्राइड ऑफ लॅमरमूर'मध्ये दिसते. तीमधील ल्यूसी व एडगर यांची कुळे परस्परांची वैरी. दोघे गुप्तपणे वाग्दान करतात आणि सोन्याचे एक नाणे मोडून त्याचे अर्धे अर्धे तुकडे जवळ बाळगतात. एडगर परदेशी असता ल्यूसीची आई त्याची पत्रे अडविते व मुलीला दुसऱ्या वराच्या विवाहपत्रावर सही करावयास लावते. लग्नाच्या रात्री वर जखमी अवस्थेत आढळतो, वधूला वेड लागलेले असते आणि थोड्याच दिवसांत ती मरण पावते. १६६९ मध्ये स्कॉटलंडमध्ये घडलेल्या एका विवाहाच्या आख्यायिकेवरून ही कथा रचली आहे. दिलेला शब्द बळाने मोडविला तर काय अनर्थ ओढवतो, हेच तिचे सार होय.

सात वर्षांनी शब्द पाळण्याची पाळी स्कॉटवरच आली. त्याचा प्रकाशक व ज्यात त्याची भागी होती तो छापखाना, दोन्ही जानेवारी १८२६ मध्ये बुडाले. त्याच्यावर सुमारे सव्वा लाख पौंडांचे ऋण आले. यात त्याचा स्वतःचा दोष नव्हता असे नाही. ॲबट्सफर्ड येथील वाडा व जमिनी यांच्या हौसेपायी त्याने अविचाराने खर्च केला होता. दिवाळे जाहीर करून सुटका करून घेणे शक्य होते. मित्रांनीही साहाय्य देऊ केले. स्कॉटने दोन्ही मार्ग नाकारले आणि लेखणीच्या बळावर सर्वांचे देणे फेडण्याचे मान्य केले. त्याच वर्षी मे महिन्यात पत्नी निवर्तली, तरी लेखणी थांबली नाही. फेब्रुवारी १८२७ मध्ये एका मेजवानीत त्याने कादंबऱ्यांचे कर्तृत्व प्रथमच जाहीरपणे स्वीकारले. भरभराटीत लपविलेले नाव त्याने पडत्या काळात उघड केले!

याच सुमारास एका धनकोने त्याच्यामागे तगादा लावला होता. ते सुमारे दोन हजार पौंडांचे देणे कोणी तरी गुपचूप भागविले. तो उपकारकर्ता विल्यम फोर्ब्स होता, हे स्कॉटला फोर्ब्सच्या मृत्यूनंतर कळले. कोणत्या कादंबरीत याहून हृद्य रहस्य सापडेल?

अतिश्रमाने स्कॉटला पक्षाघाताचे झटके आले. २१ सप्टेंबर १८३२ रोजी ॲबट्सफर्ड येथे त्याने देह ठेवला. तोवर अर्ध्याहून अधिक ऋण फिटले होते. उरलेले पुढे त्याच्या ग्रंथांच्या उत्पन्नातून व हक्कांतून फिटले.

मराठीतही अशी कथा रुजली. पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाणारी 'मोचनगड' १८७१ मध्ये पूर्ण झाली आणि तिचे कर्ते रामचंद्र भिकाजी गुंजीकर हे आपल्या बेळगाव जिल्ह्यातलेच, याचा आम्हांस अभिमान वाटतो. विद्यार्थ्यांनी या कादंबऱ्या अवश्य वाचाव्यात, त्यांतील रहस्यांत रंगून जावे. मात्र पुस्तक मिटताना त्या लंगड्या, ऋणग्रस्त, वृद्ध लेखकाचेही स्मरण करावे. त्याच्या कथेत नाण्याचे दोन तुकडे झाले आणि शब्द मोडला. त्याच्या आयुष्यात संपत्ती गेली, पण शब्द अखंड राहिला.