इलेक्ट्रॉन कोंडणारा संशोधक

बोटाएवढा पेन ड्राइव्ह. चौसष्ट जीबीचा आणि दोनशे छप्पन्न जीबीचा शेजारी ठेवले, तर लेबलाखेरीज फरक दिसत नाही. किमतीत मात्र चांगलीच तफावत. या तफावतीचे मूळ ज्याच्या कामात सापडते, त्या डावॉन कांग यांचे नाव इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्तुळाबाहेर फारसे कुणाला ठाऊक नाही.

कांग यांचा जन्म ४ मे १९३१ रोजी सोलचा. कोरिया तेव्हा जपानच्या अमलाखाली होता. सोल राष्ट्रीय विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकून ते १९५५ मध्ये अमेरिकेस गेले आणि १९५९ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. तेथे इजिप्तमधून आलेल्या मोहम्मद अटाला यांच्याबरोबर त्यांनी सिलिकॉनच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर देऊन चालणारा ‘मॉसफेट’ ट्रान्झिस्टर घडविला. १९६० मध्ये तो जगापुढे मांडला गेला. आजची जवळपास प्रत्येक चिप याच ट्रान्झिस्टरची बनलेली असते. पण त्या वेळी तो इतर ट्रान्झिस्टरांपेक्षा मंद होता आणि बेलच्या धुरिणांना त्यात फारसे स्वारस्य वाटले नाही. हा ट्रान्झिस्टर बनविणे सोपे आहे, एकात्मिक मंडलांसाठी तो उपयोगी ठरेल, असे कांग यांनी १९६१ मधील अंतर्गत टिपणात नमूद केले होते. त्याचा लाभ उठविला तो इतर कंपन्यांनी.

कांग यांचे दुसरे मोठे काम १९६७ चे. संगणकांची स्मृती तेव्हा बारीक चुंबकीय कड्यांची असे. ती अवजड आणि महाग होती. सहकारी सायमन झी यांच्याबरोबर जेवणानंतर थरांचा केक खाताना या दोघांना ट्रान्झिस्टरमध्येच आणखी एक थर घालण्याची कल्पना सुचली, असे सांगतात. चहूबाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेल्या या थरात इलेक्ट्रॉन कोंडले की वीज बंद झाली तरी ते तेथेच राहतात. याच ‘तरंगत्या द्वारा’वर पुढे तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात फ्लॅश स्मृती उभारली.

किमतीचे गणित येथेच दडले आहे. इलेक्ट्रॉन कोंडण्यासाठी प्रत्येक वेळी एक खराखुरा कप्पा लागतो. चौसष्ट जीबी म्हणजे पाचशे अब्जांहून अधिक बिट. क्षमता चौपट करायची तर कप्पेही चौपट हवेत, म्हणजे अधिक सिलिकॉन किंवा एकावर एक अधिक थर. एकाच कप्प्यात तीन बिट भरता येतात; पण त्यासाठी विद्युतभाराच्या आठ पातळ्या अचूक ओळखाव्या लागतात, आणि असे कप्पे लवकर झिजतात. थर वाढविले की कारखान्यातील टप्पे वाढतात आणि वाया जाणाऱ्या चिपांची धास्तीही. उलट बाहेरचे आवरण, जोडणीचे टोक आणि नियंत्रक चिप यांचा खर्च लहान-मोठ्या ड्राइव्हला साधारण सारखाच. म्हणूनच चौपट क्षमतेला सहसा चौपट पैसे पडत नाहीत. बाजारातील सर्वांत मोठ्या ड्राइव्हचा दर मात्र पुन्हा चढा असू शकतो. नव्या, दाट चिपा सुरुवातीस कमीच मिळतात.

कांग १९८८ मध्ये बेलमधून निवृत्त झाले आणि प्रिन्स्टन येथील एनईसी संशोधन संस्थेचे संस्थापक अध्यक्ष बनले. फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने १९७५ मध्ये त्यांना पदक दिले होते. नोबेल मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही. एकात्मिक मंडलासाठी जॅक किल्बी यांना ते २००० मध्ये मिळाले, तेव्हा कांग हयात नव्हते. महारोहिणी फुटल्याने झालेल्या तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर मे १९९२ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पेन ड्राइव्ह बाजारात आला तो त्यानंतर आठ वर्षांनी. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात त्यांचे नाव २००९ मध्ये अटालांबरोबर दाखल झाले, तेही ट्रान्झिस्टरसाठी.